क्लाउडवर जीनोम पाइपलाइन चालवताय? या चुका टाळा

पाइपलाइनच्या पायऱ्या ओळीने चालवणारं नेक्स्टफ्लो शिकायला घेतलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सगळं स्पॉटवर टाकलं तर किती वाचतील?" कुठली पायरी किती वेळ खाते, हे तोवर कुणी बघितलेलंही नसतं.

स्पॉट म्हणजे क्लाउड कंपनीकडची रिकामी, भाड्याने मिळणारी मशीन. ती स्वस्त असतात, कारण एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) ती कधीही काढून घेऊ शकतं. सूचना २ मिनिटांची. गूगल क्लाउडवर तर जेमतेम ३० सेकंदांची. आमच्याकडच्या एका नवख्या मुलाने अख्ख्या मानवी जीनोमचं व्हेरियंट कॉलिंग (डीएनएतले फरक शोधणं) एकाच टास्कमध्ये स्पॉटवर लावलं. रात्रभर चाललं, पहाटे मशीन गेलं. रिट्राय होता, म्हणून टास्क पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यापासून. अर्धवट राहिलेलं टास्क नेक्स्टफ्लो तिथून पुढे नेत नाही. दुसऱ्या रात्रीही तेच, आणि बिल ऑन-डिमांडच्या, म्हणजे पूर्ण दराच्या, मधेच काढून न घेतल्या जाणाऱ्या मशीनच्या वर गेलं.

"अरे, तुकडे कर," म्हटलं. तर साहेबांनी एकेका गुणसूत्राचा एकेक तुकडा केला. पहिलं गुणसूत्र सुमारे २५ कोटी बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं), एकविसावं ५ कोटींच्याही आत. मग काय, पंगतीत एकाचं उरकेपर्यंत बाकीचे हात वाळवत बसतात, तशी सगळे निकाल जोडणारी मर्जची पायरी पहिल्या गुणसूत्रासाठी खोळंबली. तुकडे लांबीने साधारण सारखे पाडा. तासाभरात आटपेल एवढंच काम मी एका तुकड्याला देतो आणि मर्ज ऑन-डिमांडवरच ठेवतो. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

दुसरं दुखणं १३७. या एक्झिट कोडने (प्रोग्राम थांबताना देतो त्या आकड्याने) टास्क पडलं की बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते: १२८ अधिक सिग्नल ९, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला. लगेच सगळ्या प्रोसेसना ६४ जीबी वाटायचे, हा उतावळेपणा झाला. जीएटीके हे व्हेरियंट शोधायचं सॉफ्टवेअर जावावर चालतं. एक्सएमएक्स (जावाच्या हीप या मेमरीची कमाल मर्यादा) आणि कंटेनरची, म्हणजे प्रोग्राम ज्या बंद डब्यात चालतो त्याची मेमरी, एकच आकडा ठेवलात, तर हीपबाहेरच्या गरजेला जागा उरतेच कुठे? मी एक्सएमएक्स कंटेनरच्या मेमरीच्या ८० टक्क्यांवर थांबवतो. पहिल्या प्रयत्नाला ८ जीबी, पडलं तर १६. आणि नेक्स्टफ्लोच्या नोंदींच्या ट्रेस फाइलमधला पीक आरएसएसचा (टास्कने जास्तीत जास्त वापरलेल्या मेमरीचा) रकाना बघितल्याशिवाय आकडा वाढवत नाही.

झालेली टास्क वगळून पुढे चालवणारा रिझ्युम देऊनही सगळं पहिल्यापासून चाललं? इनपुट फाइल पुन्हा कॉपी केली असेल. फाइलची तारीख बदलली की हॅश, म्हणजे टास्क आधी झालंय का हे ओळखायची खूण, बदलतो. जागा वाचवायला आधीचे निकाल ठेवलेलं वर्क फोल्डरच उडवलं असेल, तर बोलणंच खुंटलं.

डेटा मुंबईत आणि मशीन व्हर्जिनियात, कारण म्हणे तिथे स्वस्त! रीजनबाहेर (क्लाउडच्या एका भौगोलिक विभागाबाहेर) जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे पडतात. एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या फाइल-साठ्याकडे थेट नेणारा गेटवे एंडपॉइंट फुकट असूनही लावायचा राहतो आणि खासगी नेटवर्कमधून बाहेर नेणारा एनएटी गेटवे जीबीमागे पैसे कापत बसतो.

पाच-पाच सेकंदांची हजारो टास्क सोडू नका. कंटेनरची इमेज (सॉफ्टवेअरचा तयार संच) खेचायलाच त्याहून जास्त वेळ जातो. शंभरेक फाइली एका टास्कमध्ये बांधा.