उन्हाळी भुईमूग : पेरणीआधी कागद सरळ करून घ्या

उन्हाळी भुईमुगाची पेरणी 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी. तापमान 18 अंशांच्या खाली असेल तर उगवण रेंगाळते, म्हणून थंडी ओसरेपर्यंत थांबलेले बरे. मधले हे आठ-दहा दिवस कागदपत्रांना द्या. अनुदान अडते ते बहुतेक वेळा किरकोळ नोंदीवर.

15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. नुसता क्रमांक मिळाला म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला तुमच्या जमिनीचे सगळे गट जोडलेत का ते पाहा. वाटणीनंतर नावावर आलेला तुकडा हमखास सुटलेला असतो.

दुसरी गोम बँकेत. अर्जावर तुम्ही खाते कोणतेही लिहा, आधारवरून येणारा पैसा ज्या खात्याला सगळ्यात शेवटी आधार जोडला तिथेच जातो. कधीतरी उघडलेले आणि विसरलेले जनधन खाते त्यात निघते. पीएम किसानचा हप्ता कुठे पडतो ते पासबुकात बघितले की उलगडा होतो. खाते बंद पडले असेल तर आधी ते सुरू करा.

बियाण्याच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि आता क्रम अर्जाच्या तारखेवर लागतो. शेजाऱ्याचे मंजूर झाले की भरू, असे म्हणणारा मागे राहतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. ते लेबल आणि अर्जदाराच्याच नावाचे पक्के बिल जपून ठेवा. टीएजी-24 सारख्या वाणाला एकरी 40 किलो दाणे लागतात, म्हणजे साधारण 57 ते 60 किलो शेंगा. शेंगा पेरणीच्या तोंडावरच फोडा. आधी फोडून ठेवलेल्या दाण्याचे लाल साल निघते, दोन फाका सुटतात आणि तो उगवत नाही. जिप्सम एकरी 80 किलो पेरताना आणि तेवढेच आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे दांडे) सुटताना.

उन्हाळी भुईमुगाच्या विम्याची शेवटची तारीख 31 मार्च. एक रुपयातला विमा 2025 मध्ये संपला. आता विमा संरक्षित रकमेच्या दीड टक्का हप्ता भरावा लागतो. सुधारित योजनेत भरपाई पीक कापणी प्रयोगातून (निवडक शेतातले पीक कापून, मोजून) निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर ठरते, एकट्या तुमच्या वावराच्या नुकसानीवर नाही. हे पटो न पटो, समजून मगच पैसे भरा. तुमच्या महसूल मंडळात हे पीक अधिसूचित, म्हणजे विम्याच्या यादीत, आहे का तेही आधी विचारा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, उन्हाळी हंगामाची वेगळी करावी लागते आणि फोटो वावरात उभे राहूनच काढायचा. विम्यात भुईमूग आणि पाहणीत पडीक असे निघाले तर अर्ज बाद होऊ शकतो. बटईने करणाऱ्यांना विम्यासाठी नोंदणीकृत करार लागतो. तोंडी बोली इथे चालत नाही.

राहिला हमीभाव. 2025-26 साठी तो क्विंटलला 7,263 रुपये आहे, पण तो खरिपाच्या मालासाठी जाहीर होतो. उन्हाळी शेंग निघते मे-जूनमध्ये. तेव्हा खरेदी केंद्र उघडेल या भरवशावर उधारी करू नका. शेंगा 8 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. मूठभर शेंगा कानाशी हलवल्यावर आत दाणा खुळखुळला पाहिजे. ओल्या मालाला बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष वाढते आणि व्यापारी भाव पाडतो. जवळच्या दोन-तीन बाजार समित्यांचे दर बघूनच गाडी भरा.