कॉर्पोरेट वकिलीची वाट: मुंबईतील चौदा वर्षांच्या कामातून

दर वर्षी मे महिन्यात आमच्या कार्यालयात विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी येतात. त्यांपैकी जे मराठी माध्यमातून शिकून आलेले असतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आसपास कोणी नाही असे पाहून, मला हमखास विचारतात: आमचे इंग्रजी पुरेल का? मी स्वतः सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुण्यात विधी शाखेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली चौदा वर्षे मुंबईत कंपन्यांच्या करारांचे काम करते आहे. बोलण्याचे इंग्रजी दोन वर्षांत अंगवळणी पडते, हे मी अनुभवाने सांगू शकते. अवघड असते ते वाचणे. म्हणजे समोरच्या कागदात काय लिहिले आहे, काय लिहायचे राहिले आहे आणि तो कागद दुसऱ्या कोणत्या कागदाचा हवाला देतो आहे, हे रात्री दहा वाजता थकलेल्या डोळ्यांनीही न चुकता पाहणे.

कॉर्पोरेट वकील सहसा न्यायालयात उभा राहत नाही. माझ्या वडिलांना हे समजावून घेण्यास काही वर्षे लागली, कारण त्यांच्या मनात वकील म्हणजे तालुका न्यायालयातील काळ्या कोटाचा माणूस होता. आमचे काम व्यवहार कागदावर नीट उतरवण्याचे आहे. एक साधे उदाहरण घेते. पुण्याजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक खासगी कंपनी आहे आणि एक गुंतवणूकदार तिच्यात पैसे घालून शेअर घेऊ इच्छितो. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या मुख्य अटी प्रथम दोन-चार पानांच्या टर्म शीटमध्ये येतात. त्यानंतर गुंतवणूकदाराचे वकील कंपनीची कागदपत्रे तपासतात. यालाच ड्यू डिलिजन्स म्हणतात. त्यातून जे धोके दिसतात त्यांच्या आधारे शेअर घेण्याचा करार आणि भागधारकांचा करार असे दोन मोठे मसुदे तयार होतात. त्यांवर दोन्ही बाजूंचे वकील तीन-चार आठवडे दुरुस्त्या करतात, मग सह्या होतात, ठरलेल्या पूर्वअटी पूर्ण झाल्या की पैसे येतात आणि शेअर दिले जातात.

वर्णन इतके सरळ असले तरी प्रत्येक पायरीवर कायद्याची मुदत उभी असते. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम ४२ नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात पाठ होईपर्यंत वाचावे, असे मी सुचवते. खासगी रीतीने शेअर देताना आलेले पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, शेअर दिल्यानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-३ हे विवरणपत्र भरावे लागते आणि ते भरले जाईपर्यंत कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही. गुंतवणूकदार परदेशी असेल तर एफसी-जीपीआर हा अहवाल ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीवर द्यावा लागतो. शेअर देण्यावरील मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के आहे. रक्कम किरकोळ वाटते, पण ते भरले नसेल तर पुढच्या खरेदीदाराचा वकील त्यावर नेमके बोट ठेवतो. या सगळ्याची एक चेकलिस्ट असते, ती बहुधा सर्वांत कनिष्ठ वकिलाकडे दिली जाते, आणि अनेकांना ते कारकुनी काम वाटते. मला तसे कधीच वाटले नाही. ज्याच्या हाती चेकलिस्ट असते त्याला संपूर्ण व्यवहार दिसतो. वरिष्ठांनाही कित्येकदा तो तुकड्यांतच दिसत असतो.

करारातील अटी आणि कंपनीची आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, म्हणजे तिची अंतर्गत नियमावली, यांचा संबंधही नव्या वकिलाने लवकर समजून घ्यावा. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की शेअर हस्तांतरणावरचे जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीवर बंधनकारक ठरत नाही. म्हणूनच भागधारकांच्या करारावर सह्या झाल्या की त्यातील अटी आर्टिकल्समध्ये घालण्यासाठी विशेष ठराव करावा लागतो. त्यासाठी सर्वसाधारण सभेची २१ दिवसांची सूचना द्यायची की भागधारकांच्या संमतीने कमी मुदतीची, हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर वेळापत्रकात आधीच नोंदलेले असावे लागते.

माझ्या दुसऱ्या वर्षातील एक चूक येथे सविस्तर सांगते, कारण वाचण्याविषयी मी वर जे लिहिले ते मला तिच्यातूनच कळले. एका कंपनीच्या कर्जाची कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मी कर्जाचा करार शब्दन्‌शब्द वाचला, तारणाचे दस्तऐवज वाचले आणि मालकी बदलण्यावर बँकेचे कोणतेही बंधन नाही असे अहवालात लिहिले. बँकेचे मंजुरीपत्र मात्र पुसट छायाप्रतीच्या रूपात होते, आणि त्यातील अटी करारात आल्याच असतील असे गृहीत धरून मी त्यावरून केवळ नजर फिरवली. त्या मंजुरीपत्राच्या जोडपत्रात, शेवटच्या पानावर, प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी उभारणाऱ्यांचा, हिस्सा बँकेच्या लेखी परवानगीशिवाय ५१ टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी अट होती, आणि कर्जाच्या करारातील एका साध्या वाक्याने मंजुरीपत्रातील सर्व अटी त्या कराराचा भाग केल्या होत्या. सह्यांच्या दोन दिवस आधी माझ्या वरिष्ठांनी ते वाक्य पाहिले आणि मंजुरीपत्र मागवले. बँकेची परवानगी येण्यास तीन आठवडे गेले, व्यवहार मार्चअखेरीच्या पलीकडे ढकलला गेला आणि अशिलाचे वर्षाचे नियोजन बिघडले. वरिष्ठ मला रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून तो करार पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लावला आणि जेथे जेथे दुसऱ्या दस्तऐवजाचा उल्लेख येईल तेथे पेन्सिलीने खूण करायला सांगितले. बेचाळीस पानांत एकोणीस खुणा झाल्या. ती सवय मी आजही मोडलेली नाही. आता करारांतील ठराविक अटी शोधून देणारी संगणकीय साधने अनेक कार्यालयांत आली आहेत आणि ती उपयोगीही आहेत, परंतु पुसट छायाप्रतीचे ते शेवटचे पान डेटा रूममध्ये, म्हणजे तपासणीसाठी कंपनी जेथे आपली कागदपत्रे ठेवते त्या संगणकीय जागेत, मुळात आलेच आहे का, हे आजही माणसालाच विचारावे लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रातील कारखान्याची तपासणी करताना निम्मी महत्त्वाची कागदपत्रे मराठीत असतात: सातबारा, फेरफार नोंदी, आठ-अ, बिनशेतीचा आदेश, ग्रामपंचायतीचा दाखला, तहसीलदारांची पत्रे. जमीन एमआयडीसीची असेल तर भाडेपट्ट्याच्या अटी वाचाव्या लागतात, कारण भूखंडाच्या हस्तांतरणास महामंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि त्यासाठी अधिमूल्यही आकारले जाते. चाकणच्या एका कारखान्यात मी हिशेबनीसांच्या शेजारी दोन दिवस बसून होते. डेटा रूममध्ये कोठेही नसलेली भविष्य निर्वाह निधीची एक जुनी नोटीस त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून कपाटातून काढून दिली, कारण ‘ताई, हे पण लागेल का तुम्हाला?’ असे ते आपल्या भाषेत विचारू शकले. मोठ्या शहरात इंग्रजी शाळेतून शिकून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना या कागदांचे अनुवाद अनुवादकाकडून करून घ्यावे लागत, आणि अनुवादात फेरफारावरचा शेरा बऱ्याचदा गळून पडे.

दिवसाचे स्वरूप सांगायचे तर सकाळी दहाच्या सुमारास काम सुरू होते, दुपार अशील आणि समोरच्या वकिलांबरोबरच्या चर्चांत जाते आणि खरे लेखन सायंकाळी सहानंतर होते, कारण समोरच्या बाजूने दुरुस्त केलेला मसुदा बहुधा त्या वेळी येतो. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद टाइमशीटमध्ये करावी लागते आणि पुष्कळ कार्यालयांत ती सहा-सहा मिनिटांच्या एककांत असते. ती त्याच दिवशी करावी. आठवड्याने आठवून केलेली नोंद खरी राहत नाही. व्यवहार पूर्ण होण्याच्या आठवड्यात रात्रीचे एक-दोन वाजतात, मार्च महिना सर्वांत कठीण जातो, आणि मधल्या काळात असेही आठवडे येतात की सात वाजता घरी पोहोचता येते. या तासांची किंमत शरीराला मोजावी लागते हे मी कोणापासून लपवत नाही. सलग तीन महिने झोप अपुरी मिळत असेल तर ते वरिष्ठांना स्पष्ट सांगावे, कारण झोप न झालेला वकील वाचण्यात चुकतो आणि त्याची झळ अशिलाला बसते.

या क्षेत्रात येण्यासाठी बारावीनंतरचा पाच वर्षांचा किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आणि महाराष्ट्रातील इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मोठी कार्यालये राष्ट्रीय विद्यापीठांतून थेट भरती करतात हे खरे आहे. इतरांसाठी इंटर्नशिप हाच मुख्य दरवाजा असतो, आणि तो तिसऱ्या वर्षापासून ठोठावावा. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सनदेसाठी कायद्याने ठरवलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांपेक्षा, अधिक रक्कम घेता येणार नाही. गरीब घरांतील मुलांना हा निकाल माहीत असणे फार गरजेचे आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते, आणि टिपणे नसलेली कायद्यांची मूळ पुस्तके नीट हाताळता येणाऱ्याला ती जड जात नाही.

पहिली नोकरी कोठे करावी याविषयी माझे मत ठाम आहे: पहिली दोन वर्षे मध्यम आकाराच्या कार्यालयात काढावीत. फार मोठ्या कार्यालयात पगार चांगला मिळतो, परंतु कनिष्ठाच्या वाट्याला एकाच मोठ्या व्यवहाराचा एक कोपरा येतो. फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमधील दहा-पंधरा वकिलांच्या कार्यालयात त्याच मुलाला महिनाभरात करार, ठराव, निबंधकाकडील विवरणपत्र आणि मुद्रांक कार्यालयातील फेरी हे सगळे करावे लागते. मानधन किती हे मात्र आधी लेखी विचारावे. ते विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

पुढची शिडी सर्वत्र साधारण सारखीच असते: असोसिएट, सीनिअर असोसिएट, त्यानंतर प्रिन्सिपल असोसिएट किंवा कौन्सेल आणि शेवटी भागीदार. भागीदार होण्यासाठी कायद्याच्या ज्ञानाइतकेच काम आणता येणे महत्त्वाचे ठरते, आणि हे कौशल्य कोणतेही महाविद्यालय शिकवत नाही. चार-पाच वर्षांनी अनेक जण एखाद्या कंपनीच्या किंवा बँकेच्या कायदा विभागात जातात. तेथे तास बरे असतात आणि व्यवसाय आतून समजतो, पण पूर्णवेळ पगारी नोकरी करताना बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली चालू ठेवता येत नाही, त्यामुळे सनद स्थगित करावी लागते. याखेरीज कंपनी सेक्रेटरीची परीक्षा देऊन दोन्ही पात्रता मिळवता येतात, मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही मानाने पाहिली जाते, आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणासमोर काम करणाऱ्या तरुण वकिलांची एक वेगळी पिढीच तयार झाली आहे. ज्यांना न्यायालयात बोलण्याची ओढ आहे आणि ताळेबंदही वाचता येतो, त्यांच्यासाठी ही शेवटची वाट मला सर्वांत योग्य वाटते.

इंटर्नशिप संपताना मी प्रत्येक विद्यार्थ्याला एक काम देते, आणि ते घरी बसूनही करता येते. सेबीच्या संकेतस्थळावर शेअर बाजारात उतरू पाहणाऱ्या कंपन्यांची मसुदा माहितीपत्रके विनामूल्य उपलब्ध असतात. आपल्या जिल्ह्यात कारखाना असलेली एखादी कंपनी निवडावी, तिच्या इतिहासाच्या प्रकरणात भागधारकांच्या करारांचा जो गोषवारा दिलेला असतो तो वाचावा, मग प्रलंबित दाव्यांचे प्रकरण वाचावे आणि शेवटी महत्त्वाच्या करारांची यादी काढून त्यांतील प्रत्येक कागदाचा उल्लेख माहितीपत्रकात आणखी कोठे कोठे आला आहे, हे पेन्सिल हातात घेऊन शोधावे. या कामाला साधारण तीन दिवस लागतात.