रेसिंग सिम्युलेशनमधील ड्रायव्हिंग असिस्ट : या चुका टाळा

रेसिंग सिम्युलेशन (सिम) खेळणाऱ्यांत असिस्टचा, म्हणजे गाडी चालवताना खेळाकडून मिळणाऱ्या मदतीचा, विषय निघाला की बोलणे लवकरच मानापमानावर येते. असिस्ट लावून खेळणारा तो नवखा आणि सगळे बंद करून खेळणारा तो पक्का, अशी एक समजूत रूढ झाली आहे आणि बहुतेक चुकांचे मूळ याच समजुतीत आहे. प्रत्येक असिस्ट चालकाचे एखादे नेमके काम स्वतःकडे घेतो. ते काम कोणते हे ठाऊक नसेल, तर तो लावूनही फायदा नाही आणि काढूनही नाही. गाडी वळत नाही, वळणातून बाहेर पडताना गोल फिरते, फेरीची वेळ एका आकड्याच्या खाली उतरतच नाही, अशा तक्रारींचा माग काढत गेल्यास पुष्कळदा चालू राहिलेला एखादा असिस्ट तरी सापडतो, नाहीतर त्याने लावलेली सवय तरी.

गाडीची यंत्रणा आणि खेळाने दिलेली सवलत

पहिली गल्लत इथेच होते. २००६ साली सुरू झालेल्या जीटी३ या शर्यतीच्या वर्गातील गाड्यांना प्रत्यक्षातच एबीएस (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ, म्हणजे फिरायची थांबू, न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाके जागीच फिरू न देणारी यंत्रणा) असते आणि चालक शर्यत चालू असताना त्यांची पातळी कमीजास्त करत असतो. त्यामुळे ‘असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओने’ या सिममध्ये जीटी३ गाडी घेऊन केवळ अभिमानापोटी दोन्ही शून्यावर आणणे म्हणजे वास्तवापासून दूर जाणे होय, आणि बहुधा फेरीची वेळही त्याने वाढते. याउलट फॉर्म्युला वनमध्ये या दोन्ही यंत्रणांवर १९९४च्या हंगामापासून बंदी आली. ट्रॅक्शन कंट्रोल २००१मध्ये परत आले आणि २००८पासून पुन्हा हद्दपार झाले. म्हणून २००४ची फॉर्म्युला वन गाडी ट्रॅक्शन कंट्रोल लावून चालवणे इतिहासाला धरून आहे. आजची गाडी तशी चालवणे ही मात्र खेळाने दिलेली सवलत आहे. मूळच्या ‘असेटो कॉर्सा’मध्ये ‘फॅक्टरी’ असा पर्याय आहे, तो याच कारणासाठी: गाडीत जे मुळात आहे तेवढेच मिळते. आपण कोणती गाडी चालवत आहोत हे न पाहता सर्व गाड्यांना एकच नियम लावणे टाळावे.

स्टॅबिलिटी कंट्रोलची गोष्ट निराळी आहे. जीटी३ गाडीत ते नसते, पण काही सिममध्ये नवख्यांसाठी ते पुरवलेले असते आणि कित्येकांच्या मेनूमध्ये ते पहिल्या दिवसापासून चालूच राहते. गाडीचा मागचा भाग सुटू लागला की ही यंत्रणा एखाद्या चाकाला हळूच ब्रेक लावते किंवा इंजिनाची ताकद कमी करते. चालकाला वाटते आपण वळण छान सांभाळले. प्रत्यक्षात प्रत्येक वळणात थोडाथोडा वेग कुणीतरी काढून घेत असते. वेळ ठरावीक आकड्याच्या खाली जात नसेल, तर सेटअपला, म्हणजे गाडीच्या जुळणीला, हात लावण्यापूर्वी हा एक पर्याय तपासावा.

एबीएस आणि वळणात शिरताना होणारी चूक

सर्वांत जास्त गैरवापर होतो तो एबीएसचा. टायर लॉक होणार नाही याची खात्री असल्याने पेडल पूर्ण दाबायचे, ते तसेच दाबून ठेवायचे आणि त्याच अवस्थेत स्टिअरिंग वळवायचे, अशी सवय लागते. इटलीतील मोंझा ट्रॅकच्या मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी असलेली पहिली शिकेन, म्हणजे लागोपाठची उलटसुलट वळणे, घ्या. अडीचशे किलोमीटरच्या वरच्या वेगाने येऊन इथे गाडी अगदी खालच्या गिअरवर आणायची असते आणि लगेच आधी उजवीकडे, मग डावीकडे वळायचे असते. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना चालकाने स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की पुढचे टायर कुरकुरतात, गाडी मात्र सरळच पुढे सरकत राहते. चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो, त्याने पकड आणखी घटते, आणि शेवटी गाडी कर्ब (वळणाच्या कडेची पट्टी) चुकवून शिकेनच्या पलीकडे निघून जाते. यावर गाडी अंडरस्टिअर करते, म्हणजे पुरेशी वळत नाही, असा शेरा मारून पुढची अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी) मऊ करायला लोक बसतात, पण इथे दोष गाडीचा नसतो.

टायरची एकूण पकड ठरलेली असते. ती थांबण्यासाठी खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. एबीएस चाक फिरते ठेवते, पकड वाढवत नाही. म्हणून सरळ रेषेत असताना पेडलवर जोरकस दाब द्यावा आणि स्टिअरिंग जसजसे वळत जाईल तसतसा तो सैल करत न्यावा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. सरावासाठी ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी लावून फक्त पाय उचलण्याच्या गतीकडे लक्ष द्यावे. स्क्रीनवर पेडलची पट्टी दिसण्याची सोय बहुतेक सिममध्ये असते. ती पट्टी एका झटक्यात शून्यावर आली, तर पुढचा भाग हलका होऊन नाक बाहेर जाते किंवा वेग जास्त असल्यास मागचा भाग फिरतो. वळणाच्या आतल्या टोकापर्यंत ती उतरत जात असेल, तर काम बरोबर चालले आहे.

एबीएस नसलेल्या गाडीत लक्षणे वेगळी वाचावी लागतात. गाडी सरळ घसरत जात असेल आणि पुढच्या टायरमधून धूर निघत असेल, तर पुढची चाके लॉक होत आहेत. ब्रेक बायस (पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटण्याचे प्रमाण) किंचित मागे न्यावा किंवा दाब कमी करावा. वळणाच्या तोंडाशी ब्रेक लावताच गाडी गर्रकन फिरत असेल, तर मागची चाके आधी लॉक होत आहेत, तेव्हा बायस पुढे न्यावा. फार भराभर खालचे गिअर टाकल्यानेही हेच घडते, म्हणून बायस बदलण्यापूर्वी एक फेरी गिअर सावकाश उतरवून पाहावी. एबीएस एकदम सोडणे जड जात असेल, तर मधला टप्पा शोधावा. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये त्यासाठी ‘वीक’ असा पर्याय दिलेला आहे आणि जीटी३मध्ये पातळी एकेक अंकाने खाली आणता येते.

रंगीत रेषेचा मोह

गाडी कुठून न्यायची आणि ब्रेक कुठे लावायचा हे दाखवणारी ट्रॅकवरची रंगीत रेषा नवीन ट्रॅक ओळखीचा होईपर्यंत उपयोगी आहे, त्यानंतर ती नजर बांधून ठेवते. रेषेकडे पाहणारा चालक गाडीच्या नाकापुढचे चार-पाच मीटर पाहतो, तर त्याने पाहायला हवे असते वळणाचे आतले टोक आणि त्याच्या पलीकडची बाहेर पडण्याची जागा. शिवाय रेषा लाल झाल्यावर ब्रेक लावणारा चालक रंग बदलण्याची वाट पाहत असतो, म्हणजे त्याचा ब्रेकिंग पॉइंट त्याचा स्वतःचा नसतोच. पेट्रोल कमी झाले, टायर झिजले किंवा पुढच्या गाडीच्या मागच्या पातळ हवेत पुढच्या भागाची पकड घटली, तर काय बदलायचे हे त्याला सुचत नाही.

रेषा बंद करायची ती टप्प्याने. आधी ती केवळ ब्रेकिंगच्या जागी दिसेल असे ठेवावे, त्याच फेऱ्यांत प्रत्येक ब्रेकिंगच्या जागेसाठी बाहेरची एखादी स्थिर खूण नक्की करावी: अंतराची पाटी, कर्बची सुरुवात, डांबरातला जोड, मार्शलची चौकी. सावली किंवा प्रेक्षकांच्या गर्दीला खूण मानू नये. दिवसाची वेळ बदलली की सावली सरकते.

बाहेर पडताना

ट्रॅक्शन कंट्रोल चालू आहे म्हणून वळणाच्या मध्यातच थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, तळापर्यंत दाबणे, ही एबीएसच्या चुकीची जुळी बहीण. अडखळत बाहेर पडणारे इंजिन तिची खूण आहे. तो फटफट आवाज येतो तेव्हा यंत्रणा ताकद कापत असते, पुढच्या सरळ रस्त्यावरचा वेग त्याच क्षणी कमी झालेला असतो आणि मागचे टायर विनाकारण तापत असतात. बहुतेक गाड्यांत पातळी जितकी वरची, तितका हस्तक्षेप लवकर होतो. योग्य पातळी ती, ज्यात नीट दिलेल्या थ्रॉटलवर यंत्रणा क्वचितच जागी होते आणि चूक झाली तर सावरून घेते. पावसात ती वर न्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल कमी केल्यावर पहिल्याच फेरीत गाडी फिरली, तर लगेच निष्कर्ष काढू नये. थंड टायरवर तेच होते. दोन-तीन फेऱ्या मारून टायर तापल्यावर पुन्हा पाहावे. फिरणे तरीही थांबत नसेल, तर स्टिअरिंग सरळ होत जाईल त्याच प्रमाणात थ्रॉटल वाढतो आहे का, हे पेडलच्या पट्टीवर तपासावे.

ऑटोमॅटिक गिअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: तो वळणाच्या मध्यात वरचा गिअर टाकून गाडीचा तोल बिघडवतो आणि खालचा गिअर उशिरा देतो, तेव्हा लवकर सोडण्याजोगा असिस्ट हा. ऑटो क्लच मात्र वेगळा आहे. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणाऱ्या गाडीत तो राहिला तरी काही बिघडत नाही.

एकाच वेळी सगळे बंद करणे

एका रात्री उत्साहाच्या भरात सगळेच असिस्ट काढले जातात आणि चार दिवसांत सगळेच परत लावले जातात. गाडी फिरली ती ब्रेकमुळे, थ्रॉटलमुळे की चुकीच्या गिअरमुळे, हे पाच गोष्टी एकदम बदलल्यावर कळणार कसे? गाडी एक, ट्रॅक एक, पेट्रोल तेवढेच ठेवावे आणि बदल एकच करावा. माझ्या मते आधी स्वयंचलित ब्रेकिंग आणि स्टिअरिंगची मदत, मग गिअर, मग रेषा, मग स्टॅबिलिटी कंट्रोल, आणि सर्वांत शेवटी, गाडीला मुळात नसतील तरच, ट्रॅक्शन कंट्रोल व एबीएस, हा क्रम सोयीचा पडतो. मोजमाप सर्वांत वेगवान फेरीवर करू नये. सलग दहा फेऱ्यांत वेळ किती वरखाली होते ते पाहावे.

असिस्ट काढल्यावर गाडी अजिबात आवरत नसेल, तर शंका उपकरणांवरही घ्यावी. ब्रेक पेडल नीट कॅलिब्रेट केलेले, म्हणजे त्याचा दाब सिमशी जुळवलेला, नसेल, तर अर्ध्या दाबालाच सिम पूर्ण ब्रेक धरते आणि एबीएस चालू असेपर्यंत हा दोष लपून राहतो. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधील मोटर हातांना देत असलेला जोर, कधी इतका वाढवलेला असतो की मोटर सतत कमाल मर्यादेवरच राहते, आणि मागचे टायर सुटत असल्याची बारीक खूण हातापर्यंत पोचत नाही. ती ताकद कमी केल्यावर गाडी पकडता येऊ लागते. गेमपॅडवर खेळणाऱ्यांनी स्टिअरिंगची मदत पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. अंगठ्याच्या दोन सेंटीमीटरच्या हालचालीत व्हीलची बारकाई येणे शक्य नसते, म्हणून पॅडसाठी काही प्रमाणात गाळणी, म्हणजे अंगठ्याची हालचाल सौम्य करणारी मदत, हवीच.

ऑनलाइन शर्यतीत उतरण्यापूर्वी त्या सर्व्हरवर कोणते असिस्ट चालतात हे पाहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी रेषा आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद असते, आणि त्यांच्या आधारावर बसवलेला सगळा सराव पहिल्या वळणावर, आजूबाजूला वीस गाड्या असताना, कोलमडतो. तेव्हा सराव त्याच नियमांवर करावा. पिट लेनमधील वेगमर्यादेचे बटण आपोआप लागते की हाताने दाबावे लागते, हेही त्याच सरावात पाहून ठेवावे.