पाण्याचा हिशेब आधी : आरव्हीतून अमेरिकेच्या वाळवंटी कॅन्यनची भटकंती

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या नाशिककरांमध्ये अंजनेरी, हरिहर आणि ब्रह्मगिरी पायाखाली घातलेली अनेक मंडळी असतात. युटा आणि ॲरिझोना या राज्यांतील कॅन्यनचा, म्हणजे उभ्या कड्यांच्या खोल दऱ्यांचा मुलूख आरव्हीतून, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेल्या गाडीतून पाहण्याची ओढ त्यांना वाटणे साहजिक आहे. मात्र सह्याद्रीत मुरलेल्या आपल्या सवयी तिथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. गडावर टाके असते, पायथ्याच्या गावात कोणीतरी तांब्याभर पाणी देते आणि पावसाळा हा आपला भटकंतीचा हंगाम असतो. तिथे या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. म्हणून या सहलीचा आराखडा किलोमीटरवर न बेतता पाण्यावर बेतावा, असे माझे ठाम मत आहे. गाडीच्या टाकीतले पाणी, पाठपिशवीतले पाणी आणि आभाळातून येणारे पाणी या तिन्हींचा विचार झाला, की उरलेले नियोजन फारसे अवघड राहत नाही.

जाण्यासाठी एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथेही मोसमी पाऊस असतो आणि दुपारच्या वादळी सरी अचानक येतात. शिवाय जून-जुलैत दऱ्यांच्या तळाशी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. थंडीचा अंदाजही चुकू देऊ नये. ब्राइस कॅन्यनचा काठ २,४०० मीटरहून उंच आहे, म्हणजे आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षा कितीतरी वर मुक्काम करतो. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये तिथे रात्री पाणी गोठते. अशा रात्री बाहेरच्या नळाला लावलेली पाण्याची नळी काढून आत ठेवावी.

नाशिकमधून निघण्यापूर्वीची कामे मोजकीच आहेत. गाडी जो चालवणार त्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना त्याच्यासोबत लागतोच. राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागा अनेक ठिकाणी सहा महिने आधी आरक्षणासाठी खुल्या होतात आणि लगेच भरतात, त्यामुळे विमानाचे तिकीट आणि मुक्काम यांचा विचार एकत्रच करावा. प्रवेशशुल्काचा आकडाही नव्याने मांडावा लागेल, कारण जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरील रहिवाशांसाठी उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. पास न घेतल्यास झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन यांपैकी प्रत्येक उद्यानात माणशी १०० डॉलरचा अधिभार पडतो. चौघांच्या कुटुंबाने पास घेणेच शहाणपणाचे आहे.

मार्ग असा ठेवावा : लास व्हेगासहून झायन, ब्राइस, तिथून राज्य महामार्ग १२ ने कॅपिटल रीफ, पुढे मोआब, आणि परतताना मॉन्युमेंट व्हॅली, पेज हे गाव व ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. मोआबला आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन उद्याने आहेत. या फेरीला दोन आठवडे तरी द्यावेत. दिवसाला तीन-चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये, कारण आरव्ही वाऱ्याने हलते, चढावर रेंगाळते आणि चालकाला लवकर थकवते. उतारावर ब्रेक दाबून न धरता खालचा गिअर टाकावा.

चार जणांसाठी सुमारे २५ फूट लांबीची, क्लास सी प्रकारची (चालकाच्या डोक्यावरच्या भागातही झोपायची जागा असलेली) गाडी पुरेशी असते. ताबा घेताना तिची उंची आणि रुंदी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. या दोन आकड्यांवर मार्ग अवलंबून असतो. झायनमधून पूर्वेला नेणारा १९३० सालचा बोगदा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा आरशांसह ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांसाठी अपुरा आहे. पूर्वी पैसे भरून अशा गाड्या सोडल्या जात. २०२६ च्या मध्यापासून मात्र त्यांना त्या रस्त्यावर मनाई आहे. भाड्याच्या बहुतेक आरव्ही या मापात बसत नाहीत, त्यामुळे झायनहून ब्राइसला कनॅब गावामार्गे वळसा घालून जावे. इंधनाच्या बाबतीत एवढेच, की ग्रीन रिव्हर आणि सलाइना या गावांमधील महामार्गावर शंभर मैलांहून अधिक अंतर एकही पंप नाही. मोआबकडून त्या बाजूने जाण्याचा बेत असेल तर टाकी भरूनच निघावे.

आता गाडीतल्या पाण्याविषयी. आरव्हीला तीन टाक्या असतात : पिण्या-वापरण्याचे स्वच्छ पाणी, मोरीचे व अंघोळीचे सांडपाणी, आणि शौचालयाचे मैलापाणी. या आकाराच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण १५० लिटरची असते. घरी आपण बादलीभर पाण्याने, म्हणजे पंधरा-वीस लिटरमध्ये अंघोळ करतो. त्या हिशेबाने चौघांच्या एकाच दिवसाच्या अंघोळीत निम्मी टाकी रिकामी होईल. म्हणून अंग ओले करावे, नळ बंद करावा, साबण लावावा आणि मग पुन्हा पाणी घ्यावे. मुक्कामाच्या तळावरील पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडणीला हूकअप म्हणतात. दोन रात्री उद्यानात जोडणीविना राहिल्यावर तिसरी रात्र हूकअप असलेल्या तळावर काढावी. धुणे, डोके धुणे आणि टाक्या रिकाम्या करणे ही कामे त्या दिवशी उरकतात. स्वयंपाकही याच विचाराने करावा. मुगाची खिचडी, पोहे, मेतकूट-भात यांना एकच भांडे लागते, आणि खरकटे आधी कागदाने पुसून घेतले तर भांडे वाटीभर पाण्यात निघते.

टाक्या रिकाम्या करण्याच्या कामाला पुष्कळ जण बिचकतात, परंतु क्रम पाळला तर त्यात किळसवाणे काही नाही. हातमोजे घालावेत, जाड नळी घट्ट बसवावी, आधी मैलापाण्याची झडप उघडावी आणि ती टाकी संपल्यावर सांडपाण्याची, म्हणजे नंतरच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. तळावर जोडणी असली तरी मैलापाण्याची झडप सतत उघडी ठेवू नये. पातळ भाग वाहून जातो आणि घट्ट भाग टाकीत साचून बसतो. पिण्याच्या पाण्याची नळी मात्र वेगळी असते. ती या कामाजवळ कधीही आणू नये.

पायी फिरताना सर्वांत मोठा फरक चढ-उताराच्या क्रमाचा आहे. गडावर आपण ताजेतवाने असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. कॅन्यनमध्ये आधी उतरण असते, पाय आपोआप पुढे पडतात, आणि परतीचा सगळा चढ दुपारच्या उन्हात, थकलेल्या अंगाने चढावा लागतो. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून, सुमारे २,१०० मीटर उंचीवरून, खाली उतरू तसे तापमान वाढत जाते, म्हणजे सर्वांत उष्ण जागा आपण निम्म्या वाटेवर गाठतो. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. दरीच्या तळाशी असलेल्या नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नये, असे उद्यानाचे अधिकारी वारंवार बजावतात, आणि धडधाकट ट्रेकरनेही ते ऐकावे. ब्राइट एंजल वाटेवर दीड मैलावरच्या निवाऱ्यापर्यंत जाऊन परतणे म्हणजे सुमारे ३४० मीटरचा उतार आणि तेवढाच चढ. पहिल्या दिवशी एवढे पुरे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीच्या आत चालणे टाळावे. सरावासाठी साम्रदहून सांदण दरीत उतरून त्याच वाटेने वर येण्याचा बेत पावसाळा सोडून इतर दिवसांत करावा, कारण त्यात हाच उलटा क्रम अंगवळणी पडतो.

दिवसभराच्या चालीसाठी माणशी चार लिटर पाणी घ्यावे. ग्रँड कॅन्यनमध्ये वाटेवरच्या नळांवर भिस्त ठेवू नये, कारण जलवाहिनी फुटली की ते बंद असतात, आणि साऊथ कायबाब वाटेवर तर पाणी नाहीच. नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील क्षाराचे प्रमाण घटून मळमळ आणि भोवळ येते; चिवडा, खारे दाणे, क्षारसंजीवनीची पुडी यांपैकी काहीतरी तासातासाला घ्यावे. मोआबला डेलिकेट आर्च या खडकाच्या कमानीची वाट जेमतेम पाच किलोमीटरची असली तरी उघड्या खडकावर सावलीचा टिपूसही नाही, म्हणून ती सूर्योदयाच्या सुमारास सुरू करावी.

आभाळाचे पाणी सर्वांत गांभीर्याने घ्यावे. त्र्यंबकच्या डोंगरांत पाऊस झाला, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की रामकुंडावर ऊन असतानाही दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागते, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. कॅन्यनचा पूर तसाच येतो. फरक इतकाच, की तिथे धरण नाही, भोंगा नाही आणि चिंचोळ्या भिंतींमध्ये बाजूला सरकायला जागा नाही. उघड्या वालुकाश्मावर पाणी मुरण्याआधीच वाहू लागते. पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला झाला होता. झायनच्या नॅरोज या चिंचोळ्या दरीत नदीतूनच चालायचे असते, आणि प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की ती वाट बंद केली जाते. सकाळी उद्यानाच्या माहिती केंद्रात अचानक पुराचा त्या दिवसाचा अंदाज लावलेला असतो, तो वाचूनच आत शिरावे. ‘शक्यता आहे’ असे लिहिलेले असले तरी चिंचोळी दरी टाळून काठावरची वाट धरावी. आत असताना पाणी गढूळ झाले, काटक्या वाहत आल्या किंवा घुमणारा आवाज कानी आला, तर प्रवाहाच्या दिशेने धावू नये. हाताशी असलेल्या उंच जागेवर तत्काळ चढावे आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबावे.

अँटिलोप आणि मॉन्युमेंट व्हॅली ही नवाहो या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची भूमी आहे. तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही आणि अँटिलोपमध्ये वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत नवाहो प्रदेशातील घड्याळ उर्वरित ॲरिझोनाच्या एक तास पुढे असते, त्यामुळे आरक्षणाची वेळ नेमकी कोणत्या घड्याळाची, हे विचारून घ्यावे. चालताना काळपट, खरबरीत दिसणाऱ्या मातीवर पाऊल ठेवू नये. तो सूक्ष्म जीवांचा थर आहे, तोच वाळूला आणि ओलाव्याला धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडलेला थर सावरायला अनेक वर्षे लागतात. वाट नसेल तिथे खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालावे. मात्र आभाळ भरून आलेले असताना पात्रात उतरू नये.