विमानतळावरची मॉक ड्रिल: तयारी फाटकापासून

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानतळाला साधारण दोन वर्षांतून एकदा पूर्ण आपत्कालीन सराव करावा लागतो. सापडलेल्या उणिवा दूर झाल्या की नाही, हे मधल्या वर्षी छोट्या सरावात तपासतात. विमानतळाचे स्वतःचे अग्निशमन दल रोज कवायत करते, त्यामुळे त्यांचा भाग सहसा चोख होतो. घोळ होतो तो बाहेरून येणाऱ्यांपाशी: महापालिकेचे बंब, १०८ च्या रुग्णवाहिका, पोलीस, रुग्णालये. म्हणून तयारीची यादी आपत्कालीन फाटकापासून, म्हणजे बाहेरच्या गाड्या आत घेण्याच्या फाटकापासून, सुरू करावी.

फाटक नुसते पाहू नका, कुलूप काढून दोन्ही दारे पूर्ण उघडा. पावसाळ्यानंतर बिजागऱ्या गंजलेल्या असतात आणि बाहेरच्या बाजूला हमखास कोणाची तरी गाडी उभी असते. किल्ली कोणाकडे आणि तो रजेवर असेल तेव्हा कोणाकडे, हे लिहून ठेवा. महापालिकेचा सर्वांत लांब टँकर प्रत्यक्ष आणून आत वळवून बघा. सरावाला येणाऱ्या गाड्यांचे नंबर आधीच सीआयएसएफकडे (विमानतळाची सुरक्षा सांभाळणारे केंद्रीय दल) दिलेले असतात आणि सगळे झटपट आत जातात. खऱ्या दिवशी येणारी गाडी त्या यादीत नसते. तेव्हा दोन रुग्णवाहिका मुद्दाम यादीबाहेरच्या बोलवा आणि त्या फाटकावर किती मिनिटे थांबल्या ते घड्याळ लावून मोजा. आत आल्यावर त्यांना ठरलेल्या जागी थांबवून फॉलो-मी जीपच्या (आतला रस्ता दाखवणाऱ्या गाडीच्या) मागेच पुढे सोडायचे. एकटा चालक रनवेवर भरकटला, तर सरावातच खरा अपघात व्हायचा.

दुसरे पाणी. पहिल्या बंबाने तीन मिनिटांच्या आत रनवेच्या कोणत्याही टोकाला पोहोचून फोमचा मारा सुरू करण्याच्या स्थितीत असायला हवे. उद्दिष्ट दोन मिनिटांचे. पण नंतरचे गणित फारसे कोणी करत नाही. अग्निशमनाची श्रेणी तिथे येणाऱ्या विमानांच्या आकारावरून ठरते; श्रेणी ७ च्या विमानतळावर किमान १२,१०० लिटर पाणी आणि मिनिटाला ५,३०० लिटरचा मारा अपेक्षित असतो. पूर्ण जोराने मारा केला, तर सव्वादोन मिनिटांत टाक्या कोरड्या. पुढचे पाणी कोण आणणार? महापालिकेच्या होजची (पाण्याच्या पाइपची) कपलिंग विमानतळाच्या बंबाला बसते का, हे आदल्या आठवड्यात जोडून पाहा. कागदावर दोन्हीकडे ६३ मिमी लिहिलेले पुरेसे नाही. सरावात गुंतलेले बंब वगळून उड्डाणांसाठी लागणारी श्रेणी टिकते का, तेही पाहा. नसेल तर विमाने नसतील ती वेळ निवडा.

नकाशा एकच हवा. विमानतळ आणि भोवतालचा सुमारे ८ किलोमीटरचा परिसर चौकटींत आखलेला, सगळ्यांकडे त्याच आवृत्तीचा. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान विमानतळाबाहेर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. म्हणून निदान एक सराव कुंपणाबाहेरचा घ्या आणि तिथे सूत्रे कोणाकडे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाशी आधी ठरवा. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, गोव्यात दाबोळीची नौदलाची. अशा ठिकाणी हे लेखी असलेले बरे.

वायरलेसवर प्रत्येक संदेशाआधी ‘एक्सरसाइज’ म्हणायचे. सराव चालू असताना खरीच कोणाला चक्कर आली, तर त्यासाठी वेगळा शब्द ठरवून तो सगळ्यांकडून घोकून घ्या.

जखमींचे सोंग घेणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड घाला: श्वास मिनिटाला ३६, सांगितलेले समजत नाही, वगैरे. नुसता लाल रंग फासून झोपवले की वर्गवारी करणारा (कोणाला आधी उपचार हवेत हे ठरवणारा) रंग पाहून टॅग लावतो, आणि त्यातून तो काहीच शिकत नाही. वर्गवारीची जागा वारा येतो त्या बाजूला, विमानापासून किमान ९० मीटरवर. टॅगची पट्टी फाडून लाल (तातडीचा), पिवळा (थोडा थांबू शकणारा), हिरवा (किरकोळ जखमी) किंवा काळा (मृत) रंग ठेवतात. ओल्या हातमोज्यांनी ती फाटते का, हे पाहा. बॉलपेन ओल्या टॅगवर चालत नाही, पेन्सिली ठेवा.

चालते जखमी आपणहून पहिल्या रुग्णवाहिकेत चढतात आणि जवळचे रुग्णालय हिरव्या टॅगवाल्यांनी भरते. म्हणून गाडी कुठे जाणार हे एकाच माणसाने ठरवायचे आणि टॅगचा नंबर, गाडीचा नंबर व रुग्णालय एका वहीत लिहायचे. ऑगस्ट २०२० मध्ये कोझिकोडला स्थानिक लोकांनी कित्येक जखमी स्वतःच्या गाड्यांतून नेले. असे रुग्ण या वहीत येतच नाहीत, म्हणून दर अर्ध्या तासाने प्रत्येक रुग्णालयाला फोन करून आकडा जुळवायचा. नातेवाइकांच्या कक्षात खरोखर रागावलेली दोन-तीन माणसे बसवा. तिथला कर्मचारी काय उत्तर देतो, ते ऐका.

त्याच दिवशी, चहा येण्याआधी, सगळ्यांना एकत्र बसवून उणिवा विचारा आणि प्रत्येकीपुढे नाव आणि तारीख लिहा. टाक्या भरल्या, टॅग मोजले, सोंग घेतलेले सगळे परत आले, की मगच सराव संपल्याचे जाहीर करा. रुग्णालयात सोडलेला एखादा हमखास तिथेच राहून जातो.