जुनी एमएक्स-५ घेताना आधी पत्रा, मग इंजिन

हेडलाइट टुणकन वर येतात, टप मागे पडतो आणि बघायला आलेला माणूस तिथेच विरघळतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९ ते १९९७) बघायला जाल तेव्हा मागच्या चाकापासून सुरुवात करा. हेडलाइट शेवटी.

माझदा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वराज माझदाचा टेम्पो येतो. ही दोन सीटची, सुमारे टनभर वजनाची गाडी भारतात आणायचा विचार सोडून द्या. वापरलेली गाडी बनून तीन वर्षं उलटली असतील तर आयात करता येत नाही. पुढचं सगळं ब्रिटनमध्ये राहून घेणाऱ्यांसाठी आहे. तिथे उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या मिळतात, जपानहून आलेल्या युनोस रोडस्टरसुद्धा (हीच गाडी, जपानातलं नाव).

घरून निघण्याआधी सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाका. २००५ पासूनचे एमओटीचे, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचे, निकाल फुकट दिसतात. नापास का झाली यापेक्षा पास होताना दिलेले शेरे नीट वाचा. ‘सिलला (दाराखालच्या पोकळ डब्याला) गंज’ हा शेरा लागोपाठ दोन वर्षं असेल आणि तिसऱ्या वर्षी वेल्डिंगच्या पावतीविना गायब झाला असेल, तर बहुधा वर पुट्टी आणि काळा लेप फासलाय. युनोसचं मीटर मुळात किलोमीटरचं असतं, नंतर मैलांचं बसवतात. आकडा मधेच उडी मारत असेल तर ही अदलाबदल कधी झाली ते विचारा.

सोबत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, अर्धा लिटर पाण्याची बाटली आणि जुनी सतरंजी घ्या.

दाराखालचा पोकळ डबा म्हणजे सिल. या गाडीचं मरण तिथे असतं, मागच्या चाकाच्या कमानीला तो मिळतो त्या वीतभर भागात. टपावरचं पाणी मागच्या पन्हळीतून दोन्ही दारांमागच्या भोकांत उतरतं आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. झाडाखाली उभ्या असणाऱ्या गाडीत तिथे पानं आणि माती अडकते. मग पाणी आत तुंबतं आणि पत्रा आतून सडतो. त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून खातं. बाहेर रंगाला फुगा दिसला तर आतला पत्रा केव्हाच गेलाय असं समजा.

टप अर्धा उचलून दारामागच्या भोकात बाटलीतलं पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत खाली धार लागली पाहिजे. न लागल्यास सिल सडलेलाच आहे असं धरून भाव करा. मग सतरंजीवर आडवं होऊन सिलच्या खालच्या कडेवर अंगठा दाबत जा आणि चुंबक फिरवा. मधेच पकड सुटली तर तिथे पुट्टी आहे. बॉनेटवर चुंबक चिकटणार नाही, त्यावरून भांडू नका, ते अॅल्युमिनियमचंच असतं.

इंजिनाचं एवढं टेन्शन नको. आधी रेडिएटरला हात लावून बघा. गरम असेल तर तुमच्या आधी गाडी सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन सुरू केल्यावर टॅपेट (वॉल्व्ह दाबणारे भाग) टकटक वाजतील. तेल वर पोचल्यावर काही मिनिटांत आवाज थांबला तर ठीक. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर बदलायचा असतो. तुटला तरी या इंजिनात वॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मुळात काळी असते, तपकिरी झाली असेल तर ती आता कधीही तडकेल.

खरी सावधगिरी १९९१ पर्यंतच्या १.६ इंजिनात बाळगायची. पुढच्या पुलीत चार खाचा दिसल्या तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं नाक आखूड आहे. आठ असतील तर सुधारलेलं. आखूड नाकावर बेल्ट बदलताना मधला बोल्ट नीट आवळला नाही तर पुलीला दांड्यावर पकडून ठेवणाऱ्या चावीची खाच झिजते आणि पुली डुगडुगायला लागते. इंजिन चालू ठेवून पुलीकडे बघा. डुगडुगत असेल तर तिथूनच परत फिरा. अशा गाडीत ‘नुकताच बेल्ट बदललाय’ हे वाक्य ऐकून खूश होण्याआधी कोणी बदलला ते विचारा.

इंजिनाच्या मागे तेल ओघळलेलं दिसलं की विकणाराही घाबरून भाव उतरवतो. पुष्कळदा दोषी असते ती हेडच्या मागच्या कॅम सेन्सरची ओरिंग. रबराची ती कडी किरकोळ किमतीची असते. क्रँकचं मागचं, तेल अडवणारं रबरी सील गेलं असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो ते टॉर्चने बघा. फरक मोठा आहे.

१९९५ नंतर ब्रिटनमध्ये विकलेल्या १.६ ची ताकद ९० अश्वशक्तीवर आणली होती. त्याआधी ती ११५ च्या आसपास होती. जाहिरातीत हे सहसा लिहीत नाहीत.

चालवताना थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर थोडा करकरला तर चालेल, गरम झाल्यावरही करकरला तर सिंक्रो (गिअर सहज बसवणारी कडी) गेलाय. क्लचचं पेडल खालीच राहत असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या छोट्या सिलिंडरचं रबर उचलून बघा, ओलं असेल तर तो गळतोय. स्वस्तात होतं, पण पेडलकडचा वरचा सिलिंडरही सोबतच बदला. उतरल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. एक चाक जास्त तापलं असेल तर बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत होतं तसं ब्रेकचं कॅलिपर जाम झालंय.

आता टप खाली घ्या. आधी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट पसरा, मगच टप मागे टाका. खिडकीची घडी पडली की प्लॅस्टिक तडकतं, आणि थंडीत तर पहिल्याच फटक्यात.