शेजारी बीटी कपाशी असताना सरळ वाणाचं बी कसं राखावं

सहानासारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाची सरकी घरीच राखणाऱ्यांनी हे पेरणीआधीच ठरवावं. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी भागात बांधापलीकडे बीटी, म्हणजे बोंडअळीविरोधी जनुक घातलेली कपाशी, असणारच. तिच्या परागाने यंदाच्या रुईचं काही बिघडत नाही. भेसळ सरकीत उतरते आणि पुढच्या खरिपात रानात उगवते. म्हणून सगळं रान राखायच्या मागे न लागता बियाण्यासाठी दहा गुंठ्यांचा तुकडा वेगळा काढा.

कपाशीचा पराग जड आणि चिकट. वाऱ्याने तो फारसा जात नाही, मधमाश्या आणि भुंगे नेतात. बीज प्रमाणीकरणात सरळ वाणाला पायाभूत बियाण्यासाठी ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी ३० मीटर अंतर धरतात. तुम्ही ५० धरा. तेवढी जागा नसेल तर तुकडा रानाच्या मधोमध घ्या आणि चारी बाजूंना त्याच वाणाच्या आठ-दहा ओळी ठेवा. बाहेरून आलेली माशी बराचसा पराग या कडेच्या ओळींतच झाडते. कडेचा कापूस विकायचा, त्याची सरकी ठेवायची नाही. नुसत्या मक्याच्या कुंपणावर विसंबू नका, माशी त्यावरून सहज येते. पेरणी पुढे-मागे करूनही भागत नाही, कारण कपाशी कित्येक आठवडे फुलत राहते. बीटीच्या पाकिटातल्या रेफ्युजीची, म्हणजे सोबत दिलेल्या बिगर-बीटी बियाण्याची, सरकीही राखू नये. ती झाडं बीटीच्या गराड्यातच वाढलेली असतात.

खात्रीचा उपाय म्हणजे फूल बांधणं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखू येते: पाकळ्यांची गुंडाळी लांबून पात्याच्या बाहेर डोकावते. तिचं टोक दोऱ्याने बांधा किंवा ओल्या चिकणमातीने लिंपा, आणि देठाला रंगीत दोरा अडकवा. सकाळी बांधायला गेलात तर उशीर झाला, माशी येऊन गेलेली असते. फूल बंद राहूनच आतल्या आत फळतं. पाकळ्या गुलाबी होऊन गळतात, खूण देठावर राहते. ९० × ६० सेंमी अंतराने दहा गुंठ्यांत सुमारे १,९०० ठिकाणं बसतात. दोन-दोन बिया टोकल्या तर पावणेचार हजार बिया लागतात. बोंडाला २५ बिया धरल्या तर दीडशे बोंडं झाली. गळ बरीच होते, म्हणून चारशे फुलं बांधा आणि ती निरोगी, वाणाशी जुळणाऱ्या झाडांवरचीच निवडा.

एवढं करून पुष्कळांचं बी जिनिंगमध्ये बिघडतं. आधीच्या गाडीची सरकी यंत्रात अडकलेली असते आणि ती तुमच्या पोत्यात येते. खुणेची बोंडं आधी वेगळी वेचा, सरकी हातानेच काढा, कापडी पिशवीत वाण आणि साल लिहून ठेवा.

जयधर लावणाऱ्यांना परागाची एवढी धास्ती नको. जयधर गावरान, २६ गुणसूत्रांची. बीटी ५२ गुणसूत्रांची. संकर झालाच तर झाड सहसा वांझ निघतं. जयधरचं फूल पिवळं, तळाशी जांभळा ठिपका. पांढरट, बिनठिपक्याचं फूल दिसलं की ती सरकीतली भेसळ, झाड उपटा. भेंडी आणि अंबाडीशी बीटीचा संकर होत नाही.

सहानासारख्या वाणात मात्र बीटीची भेसळ डोळ्यांनी ओळखू येत नाही. तिथे क्राय१एसी (बीटी झाडात तयार होणारं प्रथिन) तपासणीची पट्टी वापरा. कोवळं पान सोबतच्या द्रावणात चुरडून पट्टी बुडवा. एक रेघ म्हणजे बिगर-बीटी, दोन म्हणजे बीटी. रेघच उमटली नाही तर पट्टी खराब, दुसरी घ्या. ही तपासणी फुलं लागण्याआधी उरका, म्हणजे सापडलेलं झाड पराग सुटण्यापूर्वी उपटता येईल.